अधूनमधून राहायचं, एरवी पाहुण्यांना द्यायचं: असं घर घेण्याआधी

दुसरं घर घ्यायचं, वर्षातले काही दिवस आपण राहायचं आणि उरलेले दिवस दोन-चार रात्रींसाठी येणाऱ्या पाहुण्यांना भाड्याने द्यायचं, हा बेत अलीकडे खूप जण करतात. कल्पना जुनीच आहे. ‘व्हर्बो’ ही साइट १९९५ साली सुरू झाली तीच अशा गरजेतून: डेव्हिड क्लाउस नावाच्या माणसाला कोलोराडोतल्या ब्रेकनरिज या स्कीइंगच्या गावातला आपला फ्लॅट भाड्याने द्यायचा होता. मी आणि माझ्या भावाने मिळून असं एक घर घेतलं आणि ते चालवायचं काम मुख्यतः माझ्याकडे आहे. कुणी सल्ला विचारला की घराबद्दल काहीही बोलायच्या आधी मी त्यांना वर्षाचं कोरं कॅलेंडर काढायला सांगते. जागा कुठली, खोल्या किती, कर्ज किती, हे सगळं त्यानंतर.

आधी तारखा वाटून घ्या

तुम्हाला जेव्हा तिथे जाऊन राहावंसं वाटतं, नेमकं तेव्हाच बाकी सगळ्यांनाही वाटतं. या व्यवहारातली खरी ओढाताण इथे आहे आणि ती घर घेतल्यावर मिटत नाही, वाढते.

वर्षात शुक्रवार-शनिवार मिळून १०४ रात्री येतात. लोक सुट्टीचे दोन दिवस गाठून येतात अशा ठिकाणी घराची कमाई मुख्यतः या १०४ रात्री आणि मोठ्या सुट्ट्या यांवर चालते. रविवार ते गुरुवारच्या २६१ रात्रींना मागणी कमी, दरही कमी. आता ‘महिन्यातून एकदा तरी जाऊच’ असं ठरवलंत तर १०४ मधल्या २४ रात्री गेल्या. त्यात मोठ्या सुट्टीतले दहा दिवस धरा. वर्षाच्या हिशेबात तुमचा मुक्काम दहा टक्केसुद्धा भरत नाही, पण चांगल्या कमाईच्या रात्रींपैकी चौथा हिस्सा हातचा गेलेला असतो. हप्ता भाड्यातून सुटेल असं गृहीत धरून घर घेतलं असेल तर हा चौथा हिस्सा फार मोठा आहे.

घर एकापेक्षा जास्त कुटुंबांचं असेल तर हे लेखी करा. आमचं असं ठरलंय: सर्वांत गर्दीचा हंगाम एक वर्ष दादा-वहिनींचा, पुढच्या वर्षी माझा, आणि आपली पाळी असली तरी त्यातला एकच आठवडा घ्यायचा. बाकी मुक्काम मधल्या वारी किंवा मंदीच्या महिन्यांत. तारखा बुकिंग खुलं करण्याआधी सांगायच्या. एकदा पाहुण्याने पैसे भरले की ती रात्र त्याची, मग घरात कुणाला कितीही जावंसं वाटो. नातेवाईक किंवा मित्र राहायला गेले तर भाडं घ्यायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, पण साफसफाई आणि धुलाईचा खर्च त्यांच्याकडून घ्यायचाच. हे लिहिताना कोरडं वाटतं, पण भावंडांत गोडवा राहायचा असेल तर कागद हवा.

करासाठीसुद्धा हा कागद लागतो. कित्येक देशांत मालक स्वतः किती दिवस राहिला यावर कर ठरतो. अमेरिकेत स्वतःचा वापर वर्षाला १४ दिवस, किंवा घर जितके दिवस भाड्याने गेलं त्याच्या दहा टक्के, यांपैकी जे जास्त असेल त्याच्या पुढे गेला, की ते घर तुमचं निवासस्थान धरलं जातं आणि खर्चाच्या वजावटीवर मर्यादा येते. उलट राहत्या घराचं भाडं वर्षात १५ दिवसांपेक्षा कमी घेतलं तर त्या उत्पन्नावर केंद्राचा आयकरच नाही. ब्रिटनमध्ये सुट्टीसाठी भाड्याने दिलेल्या घरांना वेगळी सवलत होती; घर वर्षातून २१० दिवस उपलब्ध ठेवायचं आणि १०५ दिवस प्रत्यक्ष भाड्याने जायचं अशी तिची मुख्य अट होती. एप्रिल २०२५ मध्ये ती योजनाच बंद झाली. म्हणून आजच्या सवलतीवर दहा वर्षांचं गणित उभं करू नका, आणि कोण किती रात्री राहिलं याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा.

परवानगी आहे का?

इथे मी जरा थांबते, कारण घर पाहून जीव जडला की माणूस नियम वाचत नाही. गेल्या काही वर्षांत बऱ्याच शहरांनी अल्पमुदतीच्या भाड्यावर बंधनं आणली आणि त्यातली कितीतरी बंधनं नेमकी दुसऱ्या घरावर येतात. राहत्या घरातली खोली देणाऱ्याला मुभा असते. अधूनमधून येणाऱ्या मालकाला नसते.

न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून ‘लोकल लॉ १८’ची अंमलबजावणी सुरू झाली. ३० दिवसांहून कमी मुक्काम द्यायचा तर यजमानाने नोंदणी करायची, पाहुणे असताना स्वतः त्याच घरात राहायचं आणि दोनच पाहुणे ठेवायचे. म्हणजे मालक नसताना देण्याचं घर तिथे बादच झालं. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात मे २०२४ पासून बऱ्याच शहरांत असं भाडं मालकाच्या मुख्य राहत्या घरापुरतं आणि त्याच आवारातल्या एका जोडघरापुरतं ठेवलं आहे. आम्स्टरडॅममध्ये राहतं घरसुद्धा वर्षाला ३० रात्रींपेक्षा जास्त देता येत नाही. जपानने जून २०१८ च्या कायद्याने वर्षाला १८० दिवसांची मर्यादा घातली. सिंगापूरमध्ये खासगी घर तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीने देणं बेकायदेशीर आहे. बार्सिलोनाने तर २०२४ मध्ये जाहीर केलं की शहरातल्या पर्यटक-फ्लॅटचे सगळे, म्हणजे दहा हजारांहून अधिक परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपतील आणि नवे मिळणार नाहीत. काल ज्याने परवानाधारक फ्लॅट जास्त किंमत मोजून घेतला असेल, त्याने ती जास्तीची किंमत ज्यासाठी दिली तेच निघून जाणार.

तुम्ही जिथे घर बघताय तिथला नियम वेगळा असेल, पण शोधायच्या गोष्टी त्याच. स्थानिक पालिकेत जाऊन विचारा: या पत्त्यावर अल्पमुदतीचं भाडं चालतं का, वर्षाला किती रात्री, नोंदणी लागते का, पर्यटक कर गोळा करून भरायचा आहे का. इमारतीत फ्लॅट असेल तर तिची नियमावली मागवा आणि गेल्या दोन-तीन वर्षांतल्या सभांची इतिवृत्तंही वाचा. आज बंदी नसेल, पण दर सभेत ‘पाहुण्यांचा त्रास’ हा विषय निघत असेल तर ती बंदी वाटेवर आहे. स्पेनमध्ये एप्रिल २०२५ पासून इमारतीतल्या तीन-पंचमांश मालकांची स्पष्ट संमती असल्याशिवाय नवा पर्यटक-फ्लॅट सुरूच करता येत नाही.

आणखी एक प्रश्न हमखास विचारा, कारण तो सहसा कुणी विचारत नाही: परवाना घराच्या नावावर आहे की मालकाच्या? विकणारा ‘चालू धंद्यासकट घर’ म्हणून दाखवतो आणि परवाना मात्र त्याच्या नावाबरोबर संपतो, असं बऱ्याच ठिकाणी असतं. दलाल म्हणेल, ‘इथे सगळेच देतात.’ सगळे देतात याचा अर्थ परवानगी आहे असा होत नाही. मी तर सौद्याच्या करारातच अट घालून घ्यायला सांगेन, की परवाना मिळाला नाही तर इसार परत. विकणारा त्याला अजिबात तयार नसेल तर त्यातून काय कळायचं ते कळतं.

पैशाचं गणित, तीन वेळा

‘सध्या एवढं उत्पन्न आहे’ हा विकणाऱ्याचा आकडा बाजूला ठेवा. त्याच्याकडून गेल्या दोन वर्षांची प्लॅटफॉर्मवरची, म्हणजे ज्या साइटवरून बुकिंग येतात तिथली, कमाईची विवरणपत्रं आणि कर भरल्याचे कागद मागा. मिळाले नाहीत तर स्वतः शोधा. आसपासची तुमच्या घरासारखी दहा घरं निवडा आणि दर आठवड्याला एकाच दिवशी त्यांची कॅलेंडरं बघून वहीत टिपा: पुढच्या महिन्यातल्या किती रात्री भरल्या, मधल्या वाराचा दर काय, शनिवारचा काय. चार-सहा आठवड्यांत चित्र दिसू लागतं. यात एक फसगत आहे. मालकाने स्वतःसाठी अडवलेली रात्र आणि विकली गेलेली रात्र कॅलेंडरवर सारखीच दिसते, त्यामुळे घरं आहेत त्यापेक्षा जास्त भरलेली वाटतात. म्हणून रिव्ह्यूंच्या तारखाही बघा. मंदीच्या महिन्यांतले रिव्ह्यू जवळपास नसतीलच, तर ते कॅलेंडर पाहुण्यांनी भरलेलं नाही. ‘एअरडीएनए’सारख्या सेवा पैसे घेऊन असे अंदाज देतात; उपयोगी आहेत, पण तुमची वही त्यांच्याशी ताडून बघा.

खर्चाच्या बाजूला लोक हप्ता, वीज आणि कमिशन लिहितात आणि थांबतात. साफसफाई महिन्याच्या हिशेबात धरू नका, मुक्कामाच्या हिशेबात धरा. दोन रात्रींच्या मुक्कामाला आणि सात रात्रींच्या मुक्कामाला सफाई एकदाच लागते, म्हणून छोट्या मुक्कामांनी भरलेला महिना कागदावर भारी दिसतो आणि हातात कमी राहतो. धुलाई, वायफाय, मालमत्ता कर, देखभाल वर्गणी, विमा, गॅस, पाण्याचा पंप, कीटकनाशक फवारणी, फुटलेले पेले. व्यवस्थापन एखाद्या एजन्सीकडे दिलं तर भाड्याच्या साधारण २० ते ३० टक्के तिकडे जातात. गाद्या, टॉवेल, चादरी, गीझर हे घरच्या वापरापेक्षा कितीतरी लवकर बदलावे लागतात, त्यासाठी वेगळी रक्कम दरमहा बाजूला काढा.

मग हे गणित तीन वेळा करा. एकदा तुम्हाला वाटतं तितकं घर भरलं तर. एकदा त्याच्या निम्मं भरलं तर. आणि एकदा अल्पमुदतीचं भाडं पूर्ण बंद झालं आणि एखाद्या कुटुंबाला साध्या महिन्याच्या भाड्याने द्यावं लागलं तर. तिसऱ्या गणितातली तूट पगारातून वर्षभर सोसता येत नसेल, तर ते घर तुमच्यासाठी महाग आहे, मग पहिल्या गणितात कितीही फायदा दिसो. मी या बाबतीत ठाम आहे. २०२० च्या वसंतात जगभरची बुकिंगं काही आठवड्यांत रद्द झाली. ‘व्हर्बो’सारखीच साइट चालवणाऱ्या एअरबीएनबीने त्या मे महिन्यात आपल्या जवळपास चौथ्या हिश्श्याच्या कर्मचाऱ्यांना कमी केलं. मालकांचे हप्ते मात्र बहुतेक ठिकाणी आज ना उद्या भरायचेच होते.

कर्ज घेताना बँकेला हेतू खरा सांगा. स्वतःच्या वापराच्या दुसऱ्या घराला एक व्याजदर आणि भाड्याने द्यायच्या घराला वेगळा, असं बऱ्याच ठिकाणी असतं. कमी दरासाठी ‘स्वतःच राहणार’ असं लिहून देणं ही फसवणूक आहे आणि ती ऑनलाइन लिस्टिंगवरून सहज सापडते.

घर बघायला रात्री जा

दुपारी दलालाबरोबर बघितलेलं घर आणि शनिवारी रात्री अकराला पाहुणा जिथे पोचतो ते घर, ही दोन वेगळी घरं असतात. शक्य असेल तर त्याच घरात, नाहीतर त्याच गल्लीतल्या दुसऱ्या भाड्याच्या घरात एक शनिवारची रात्र काढा. अंधारात फाटक सापडतं का? नकाशावरची खूण दारापर्यंत आणते की मागच्या रस्त्याला सोडते? गाडी कुठे लावायची? शेजारच्या भिंतीतून आवाज किती येतो, आणि तुमच्या बाल्कनीतला आवाज त्यांच्याकडे किती जाईल? फोनला रेंज कुठल्या कोपऱ्यात येते?

मग पाणी. सगळ्या न्हाणीघरांतले नळ एकदम सोडा आणि वरच्या मजल्यावरच्या शॉवरखाली उभं राहून बघा. पाहुणे घरच्या माणसांपेक्षा जास्त पाणी वापरतात, कारण सगळे एकाच वेळी बाहेरून येतात आणि एकाच वेळी आंघोळीला जातात. ड्रेनेजची लाइन नसेल आणि सेप्टिक टँक असेल तर तो किती माणसांसाठी बांधलाय आणि शेवटचा कधी उपसला हे विचारा. चौघांच्या कुटुंबासाठी बांधलेल्या टाकीवर दर आठवड्याला आठ माणसं घातली तर ती भर हंगामात तुंबणार.

खोल्यांपेक्षा न्हाणीघरं मोजा. तीन झोपायच्या खोल्या आणि एक न्हाणीघर असलेल्या घरापेक्षा दोन खोल्या आणि दोन न्हाणीघरं असलेलं घर मी डोळे मिटून घेईन. हॉलमध्ये सोफा-कम-बेड टाकून ‘आठ जणांची सोय’ लिहायचा मोह टाळा. मोठे गट चांगलं भाडं देतात हे खरं, पण झीज, आवाज आणि शेजाऱ्यांचे फोन त्यांच्याबरोबरच येतात. गॅसचा गीझर आंघोळीच्या खोलीत असेल तर तो बाहेर काढायचा खर्च खरेदीच्या हिशेबातच धरा, आणि घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. या वायूला वास नाही, रंग नाही, आणि झोपेतल्या माणसाला तो कळत नाही. यात काटकसर करू नका.

घर सांभाळणारं माणूस

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. चेक-आउट अकराला, चेक-इन तीनला. या चार तासांत पलंग बदलायचे, न्हाणीघरं घासायची, फ्रिज रिकामा करायचा, काय तुटलंय ते बघायचं, आणि हे बहुतेक सुट्टीच्याच दिवशी. हे काम करणारं विश्वासू माणूस त्या गावात मिळतं का, हे घर घेण्याआधी शोधा. मिळालं नाही, तर चांगलं घरही सोडून द्या असं मी म्हणेन.

आमचं घर ज्या ताई सांभाळतात त्यांचा मोबदला आम्ही दर मुक्कामामागे ठरवलाय, आणि आयत्या वेळी बुकिंग रद्द झालं तरी त्या दिवसाचे पैसे त्यांना मिळतात. त्यांनी तो दिवस आमच्यासाठी मोकळा ठेवलेला असतो. त्यांच्याकडे आम्ही खर्चाची आगाऊ रक्कम ठेवतो: बल्ब, नळाचा वॉशर, गॅसचा सिलिंडर यांसाठी त्यांना मला फोन करावा लागू नये. प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन त्यांनीच निवडलेत, कारण रात्री त्यांच्या हाकेला येतो तो माणूस माझ्या फोनला येईलच असं नाही. त्या आजारी पडल्या किंवा सुट्टीवर गेल्या तर कोण येणार, तेही नाव ठरलेलं आहे. रिव्ह्यूमध्ये ‘घर लख्ख होतं’ असं आलं की तो मजकूर मी त्यांना पाठवते. ते श्रेय त्यांचं आहे.

सामान लावताना प्रत्येक पलंगाला चादरींचे तीन जोड घ्या: एक पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. सगळे पांढरे, सगळे एकाच मापाचे, म्हणजे कुठलीही चादर कुठेही चालते. गादीवर पाणी न झिरपणारं आवरण हवंच. तुमच्या स्वतःच्या वस्तूंसाठी एक कपाट कुलुपाचं ठेवा. आजीची पितळी भांडी, मुलांची पुस्तकं, जे गेलं तर जीव हळहळेल ते सगळं त्यात किंवा सरळ राहत्या घरी. दाराला आकड्यांचं कुलूप लावा आणि दर पाहुण्याला आकडा बदला. घराच्या आत कॅमेरा लावू नका. एअरबीएनबीने एप्रिल २०२४ अखेरपासून घरातल्या कॅमेऱ्यांवर जगभर बंदी घातली आहे, आणि बंदी नसती तरी राहायला आलेल्या माणसावर नजर ठेवणं योग्य नाही. बाहेर, फाटकावर असेल तर तो कुठे आहे ते लिस्टिंगमध्ये लिहा.

विम्याचं थोडक्यात: घरगुती पॉलिसीत बऱ्याचदा भाड्याचा वापर बसत नाही, आणि घर सलग महिना-दोन महिने बंद राहिलं तरी संरक्षण कमी होण्याची अट असते. आपल्या घराला दोन्ही गोष्टी लागू होतात. विमा कंपनीला लेखी कळवून तशीच पॉलिसी घ्या. प्लॅटफॉर्म जे संरक्षण देतात त्यात नेहमीची झीज बसत नाही, आणि दाव्याच्या मुदती कडक असतात.

शेजारी

ज्या घरात भाडेकरू कुटुंब राहतंय आणि तुम्ही घेतलंत की त्यांना उठावं लागणार आहे, असं घर मी घेणार नाही, कुणाला घ्या म्हणणारही नाही. शहरांनी इतके कडक नियम आणले त्यामागे ‘इथे राहणाऱ्यांना घरं उरली नाहीत’ ही तक्रार आहे, आणि ती खरी आहे. बांधून रिकामी पडलेली, मालकाने आधीपासून सुट्टीसाठीच वापरलेली घरं असतात, ती शोधा.

खरेदी झाल्यावर, पहिला पाहुणा यायच्या आधी, दोन्ही बाजूंच्या घरी स्वतः जाऊन या. काय करणार आहात ते सांगा, तुमचा आणि घर सांभाळणाऱ्या व्यक्तीचा नंबर द्या, आणि त्यांचा फोन आला की रात्री दोनलाही उचला. पाहुण्यांच्या नियमांत शांततेची वेळ, गाडी लावायची जागा आणि कचऱ्याचा दिवस एवढं ठळक लिहा; बाकी पंधरा नियम कुणी वाचत नाही.

पहिला हंगाम सुरू होण्याआधी घरात तुम्ही स्वतः पाहुण्यासारखे राहा: कुलपाच्या आकड्याने आत जा, भिंतीवरच्या सूचना वाचून गीझर लावा, तिथल्याच भांड्यांत स्वयंपाक करा. मग मधल्या वारांची बुकिंगं कमी दरात खुली करा, म्हणजे शनिवारच्या गर्दीआधी काय अडतंय ते कळेल. प्रत्येक दुरुस्तीची, प्रत्येक फर्निचरची पावती वर्षवार फाइलला लावा. कर भरताना त्या लागतात, आणि पुढे कधी घर विकलंत तर सुधारणांवर केलेला खर्च कित्येक देशांत नफ्यातून वजा मिळतो. विकायचं ठरलं की त्या दिवसापासून पुढच्या तारखांची नवी बुकिंगं थांबवा. घेतलेली बुकिंगं नव्या मालकाने पार पाडायची की पाहुण्यांना वेळेत कळवून पैसे परत करायचे, ते विक्रीच्या करारातच लिहा.